गिरणीसमोरचा कठडा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी कठडा आहे. खरं सांगायचं तर कठड्याचा तुकडा. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू सहसा आपले पराक्रम सांगतात. माझ्याकडे पराक्रम एकच आहे. मी पडलो, तोही तोंडावर.

माझा जन्म भिवंडीकडच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. गज कापले, ठिणग्या उडाल्या, डोक्यावर भाल्यासारखी टोकं आली. मला वाटलं, आपली नेमणूक किल्ल्यावर होणार. आलो मुलुंड पूर्वेला, रस्त्याच्या मधोमध, जानकीबाईंच्या पिठाच्या गिरणीसमोर.

स्वागत मात्र झकास झालं. माणसं मध्ये येतात म्हणून गाड्या अडतात, कठडा घातला की गाड्या येतील आणि गाड्या आल्या की गिऱ्हाईक येईल, असं दुकानदारांना कुणीतरी पटवलं होतं. सगळ्यांत जास्त पटलं जानकीबाईंना. त्यांनी हार आणला आणि माझ्या पायावर नारळ फोडला. नारळ दणकट होता. माझ्या रंगाचा टवका उडाला आणि पाणी आत मुरलं. माझा गंज तिथूनच सुरू झाला, पण त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

गाड्या आल्या. सुसाट आल्या आणि सुसाट गेल्या.

मित्रांनो, गाडीच्या खिडकीतून कुणी कोथिंबिरीची जुडी निवडत नाही, की चपलेचा अंगठा शिवून घेत नाही. खरेदी करतो तो चालणारा. तो निघतो दळण आणायला, वाटेत गजरा घेतो, लिंबं घेतो, शिंप्याकडे माप देतो आणि घरी जाऊन म्हणतो, काहीच घेतलं नाही. हा चालणारा माझ्या पलीकडेच अडकला. समोरची गिरणी त्याला दिसे, पण तिथे पोचायचं तर काखेत डबा घेऊन लांबच्या सिग्नलपर्यंत जायचं आणि तेवढंच उलट यायचं. तो येईना. आधी फुलवाली उठली, मग चपला शिवणारा, मग शिंपी.

जानकीबाईंच्या भुवयांवर कायम पीठ असायचं. आता भुवया काळ्या दिसू लागल्या. गिरणीवालीच्या भुवया काळ्या दिसणं बरं नव्हे. गाड्यांची सीट कव्हर विकणाऱ्या एका माणसाने गाळा मागितला होता. ‘दसऱ्यानंतर सांगते,’ असं त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

समोरच्या इमारतीत विमला राहायची. माहेर-सासर दोन्ही नांदेडकडचं, नोकरी बँकेत. तीही आता तयार पिठाची पाकिटं आणू लागली. रिक्षातून उतरताना ती पाकीट मेथीच्या जुडीखाली दडवायची. जानकीबाईंना पलीकडून ते दिसायचं आणि त्या पटकन गिरणीच्या मोटरकडे बघायच्या. तिला पाकिटाची लाज, यांना नारळाची. मधे मी. मला दोघींची लाज, पण कठड्याला मान वळवता येत नाही.

मग विमलाचे सासरे नांदेडहून आले. पाकिटातलं ज्वारीचं पीठ जुनं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली. भाकरी थापताना चारी बाजूंनी चिरली.

“सूनबाई,” सासरे ताटाकडे बघत म्हणाले, “ही भाकरी आहे का नकाशा?”

दुसऱ्या दिवशी सकाळी विमला गाड्या चुकवत ज्वारीचा डबा घेऊन माझ्यापाशी आली.

“जानकीताई, दळून देता का? इथूनच देते.”

“इथून? भर रस्त्यात?”

“मग काय सिग्नलला जाऊन येऊ? ऑफिसची वाट लागेल.”

जानकीबाई आल्या. डबा माझ्या टोकांवरून अलगद उचलून घेत म्हणाल्या, “पाकीट संपलं वाटतं.”

विमलाने मान खाली घातली. “संपलं नाही ताई. फेकलं.”

“मेथीखाली घुसमटलं असेल गं.”

संध्याकाळी गरम पिठाचा डबा परत देताना त्याची कडी माझ्या टोकात अडकली. जानकीबाईंनी ढकललं, विमलाने ओढलं, आणि नारळाच्या पाण्याने गंजलेला माझा पाय मोडला. विमला बाजूला उडी मारून वाचली. मी आडवा झालो, डबा उघडला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रस्त्यावर पिठाचा पांढराशुभ्र पट्टा पडला.

करकचून ब्रेक लागले. एक बाइकवाला वाकून बघत म्हणाला, “ओ मावशी, रंग ओला आहे का?”

विमला रडायच्या बेतात होती. जानकीबाईंची पापणी लवली नाही. “ओलाच आहे. मागे थांब.”

तो थांबला. त्याच्यामागे सगळे थांबले. मित्रांनो, या शहरात माणसासाठी गाडी थांबत नाही, ओल्या रंगासाठी थांबते. तेवढ्यात पिशव्यावाले, शाळेची पोरं, एक काठीवाले आजोबा, सगळे पिठाच्या कडेने, अन्नावर पाय पडू नये म्हणून जपत, मी मोकळ्या केलेल्या फटीतून पार झाले. मी मात्र सगळ्यांसमोर पालथा पडलो होतो.

मला पुन्हा उभं करायला महापालिकेची माणसं आली, तेव्हा त्या फटीत इमारतीतल्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या, सगळ्यांत पुढे विमला. त्यांचे साहेब डब्यांची रांग बघून म्हणाले, “लेखी द्या.” दिलं. पुष्कळ वाद झाले, पण अखेर खरोखरचे पट्टे आले, गतिरोधक आला. फुलवाली परतली, शिंपीही परतला. जानकीबाईंच्या भुवया पुन्हा पांढऱ्या झाल्या.

दसऱ्यानंतर सीट कव्हरवाला आला. “इथे गाडी कुठे थांबते?” त्याने विचारलं.

“पट्ट्यापाशी,” जानकीबाई म्हणाल्या. “माणूस पलीकडे जाईपर्यंत.”

तो दुसरीकडे गाळा बघायला गेला.

माझ्या तुकड्यावर फळी टाकून जानकीबाईंनी बाक केला. फुटपाथ अडू नये म्हणून तो दाराच्या आत ठेवलाय. दळण होईपर्यंत बायका त्यावर बसतात. परवा विमला बसली होती.

“ताई, तो कठडा घातला तेव्हा नारळ कुठल्या शहाण्याने फोडला होता हो?”

जानकीबाई एकदम गिरणीत वाकून बघू लागल्या. “असेल कुणीतरी,” त्या म्हणाल्या. मला ठाऊक होतं. मीही गप्प बसलो. आम्हा दोघांना एकमेकांची लाज सांभाळायची सवय झाली आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोठा साहेब होईल, रस्त्यांवर नवं काही उभारेल. आधी तिथे घटकाभर उभे राहा. काखेत डबा घेऊन कोण कुठे निघालंय ते पाहा. आणि नारळ फोडायचाच असेल, तर खोबरं खायला पलीकडच्यांनाही हाक मारा. ते चालत येऊ शकले, तरच फोडा.