दारातला तरवड

कांताबाई कामावरून आली तेव्हा दारातला तरवड नव्हता. त्या जागी ओला कोबा होता आणि त्यावरून आत जायला फळी टाकलेली होती. फांद्या नालीपलीकडे पडल्या होत्या. पिवळी फुलं अजून सुकलीही नव्हती.

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ती बी निवडायला जायची. धावड्याहून, माहेरच्या शेताच्या बांधावरून, तिनं तरवडाच्या शेंगा पदरात बांधून आणल्या होत्या. बी कडक. पहिल्या पावसाळ्यात काहीच उगवलं नाही. पुढच्या वर्षी दगडावर घासून, रात्रभर भिजवून लावलं, तेव्हा एकच रोप आलं. ते आता तिच्या डोक्याच्या वर गेलं होतं. या घरात तिनं स्वतःच्या मनानं केलेलं तेवढंच.

नवरा तातेराव म्हणाला, संध्याकाळी आपल्या सूरजला बघायला पोरीकडचे येऊन राह्यलेत, दारात रानातलं झुडूप बरं दिसत नाही. कोयता सूरजनंच चालवला होता.

"मला इचारलं का?"

"झाडाचं काय इचारायचं?"

"झाडाला न्हाई. मला इचारायचं व्हतं."

तातेराव हसला. ते हसणं तिच्या डोक्यात गेलं.

पाहुणे आले. जयभीम झाला, चहा झाला. मुलगी, अक्षता, आईशेजारी बसली होती. तिच्या आईनं कांताबाईला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे?

"तिचं काय असणार?" तातेराव मध्येच म्हणाला. "आमचं तेच तिचं."

कांताबाईनं ट्रे खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"ताई, माझं दारातलं झाड या बापलेकानं आज तोडलं, मला न इचारता. या घरात बाईला इचारायची रीत न्हाई. पोरगी देण्याआधी एवढं माहीत असू द्या."

अक्षतानं सूरजकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. कळवतो म्हणून पाहुणे उठले आणि फळीवरून एकेक करून निघून गेले.

मग तातेराव बोलतच सुटला. लेकराचं वाटोळं केलं, चार माणसांत इज्जत घालवली. कांताबाई कपबशा घेऊन मोरीत बसली.

थोड्या वेळानं सूरज मोरीच्या दाराशी आला. त्याच्या हातात लोखंडी सब्बल होती.

"आई, कोबा फोडू का? मूळ खालीच हाये."

तिनं वर पाहिलं नाही. कप विसळत राहिली. सूरज सब्बल धरून तसाच उभा राहिला.