मी कुंडीचं स्टूल नाही

मी एक जुना स्पीकर आहे. पण मित्रांनो, लगेच 'बिचारा' म्हणू नका. जुना आहे, बिचारा नाही. उंचीने तुमच्या छातीपर्यंत येईन. अंगाने सडपातळ आहे, दोन्ही कुशींना होडीसारखा बाक आहे आणि अंगभर अक्रोडाच्या लाकडाची नक्षी आहे. हे रूप मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी कारखान्यात भांडणं झाली आहेत.

आवाजाचे इंजिनिअर म्हणायचे, "आवाज आतून येतो. खोका कसाही असला म्हणून काय बिघडलं?"

आकार ठरवणाऱ्या बाई कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "लोक वाजवणार तासभर आणि बघणार दिवसभर. मला खोका नकोच!"

शेवटी बाईंनी काढलेला बाक इंजिनिअरांनाही पटला, कारण बाकदार पेटीत आवाज उगीच घुमत राहत नाही. मग सुतारकाकांनी एकाच खोडाचे पातळ पापुद्रे घेतले. लागोपाठचे दोन पापुद्रे त्यांनी पुस्तक उघडावं तसे उलगडले. एक माझ्या अंगावर बसवला, दुसरा माझ्या भावाच्या. माझ्या उजव्या खांद्यावर लाकडाची गाठ आहे, तशीच त्याच्या डाव्या खांद्यावर आहे. शेजारी उभे राहिलो की आमची नक्षी एकमेकांना मिळते. आम्ही जोडीनेच जन्मलो आणि जोडीनेच गातो.

दातांच्या एका डॉक्टरांनी आम्हाला हौसेने घरी आणलं. त्यांच्या पत्नीचं, म्हणजे काकूंचं, शिवणकामाचं दुकान होतं. आम्हाला पाहून काकूंनी कपाळाला हात लावला. "हॉलमध्ये हे दोन पहारेकरी कशाला आणलेत?"

"अगं, बघ तरी नीट!" डॉक्टर म्हणाले.

पण काकूंना सवड कुठली! त्यांनी फ्रिजला झगा शिवला होता, मिक्सरला शिवला होता, मग आम्हालाही शिवला. गुलाबी फुलांचा आणि वर झालर! मित्रांनो, मी लाजलो नाही, चांगला चिडलो. दर रविवारी सकाळी डॉक्टर झगे काढून गाणी लावायचे आणि संध्याकाळी काकू "धूळ बसते" म्हणत ते पुन्हा चढवायच्या. हा लटका वाद त्यांनी संसारभर पुरवला.

मग डॉक्टर गेले. त्यानंतर रविवार यायचे, पण झगे उतरले नाहीत. मला त्यांची फार आठवण यायची.

पुढे त्यांच्या मुलाने घर नव्याने सजवायला काढलं. सजावट करणाऱ्या गृहस्थांना सगळं पांढरंशुभ्र हवं होतं. त्यांनी आम्हाला झग्यावरूनच चाचपलं आणि निकाल देऊन टाकला. "यातला एक माळ्यावर टाका. दुसऱ्याला पांढरा रंग मारू आणि वर कुंडी ठेवू. कोपरा भरून दिसेल."

"चालेल," मुलगा म्हणाला. "आई, तुलाही ते आवडत नव्हतेच ना?"

काकूंनी सुईत दोरा ओवायला घेतला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कुंडीचं स्टूल? आणि माझा भाऊ माळ्यावर? नुसती तार जोडलेली असती, तर खिडक्यांच्या काचा हादरवल्या असत्या!

रंगाऱ्याने झगे ओढून काढले आणि माझ्या उजव्या खांद्यावर पॉलिशपेपर घासला. खर्र! कापड वाया जाऊ नये म्हणून काकू झगे उचलायला आल्या आणि तिथेच थबकल्या. दिवसाच्या उजेडात आम्ही दोघं उघडे, शेजारीशेजारी उभे होतो.

"हात काढ रे तिथला," त्या रंगाऱ्याला म्हणाल्या. त्यांनी माझ्या गाठीवर बोट ठेवलं, मग भावाच्या गाठीवर. "अरे, हे तर नक्षी जुळवून बेतलंय! शिवणीवर फूल तुटू नये म्हणून मी कापड जुळवते ना, अगदी तसं. एकाच ठाणातले आहेत हे दोघं. यातला एक माळ्यावर टाकायचा, म्हणजे सदऱ्याची एक बाही उसवून फेकायची."

मग त्यांनी माझ्या खांद्यावरचा भुसा पदराने पुसला. "हे सारखे म्हणायचे, बघ तरी नीट. आणि मेली मी झगेच शिवत बसले."

"पण काकू," सजावटवाले चाचरत म्हणाले, "हा रंग पांढऱ्या भिंतीला जुळणार नाही हो."

"मग भिंतीचा रंग बदला!"

भिंतीचा रंग बदलला. झगे फाडून त्यांची फडकी झाली. आता दर रविवारी सकाळी काकू त्याच गुलाबी फडक्याने आम्हाला पुसतात आणि डॉक्टरांची गाणी लावतात. खांद्यावरचा ओरखडा राहिला आहे, तो मी लपवत नाही.

मित्रांनो, कुणी जीव ओतून केलेली वस्तू तुमच्या घरात असेल, तर झाकण्याआधी एकदा नीट बघा. आम्हाला कोरड्या फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, जोडी फोडू नका. आणि कुंडी? आणून तर बघा! असा खर्ज लावीन, की कुंडी आपणहून खाली उतरेल.