ड्रम आधी थांबला

"तुम्ही मारलंत. दिवसाढवळ्या, भरल्या सभागृहात, मेन स्विच पाडून मारलंत. आणि आता दहा वर्षांनी त्याच्या मरणाच्या दाखल्यावर 'म्हातारपणाने गेला' असं लिहून मोकळे होताय. लाज वाटत नाही?"

एवढं लिहून झाल्यावर तानाजीच्या लक्षात आलं की मायना कोराच राहिलाय. 'माननीय' लिहायला त्याचा हात धजेना. शेवटी त्याने वर नुसतं 'समितीस' असं खरडलं.

कलावतीने तांदूळ निवडता निवडता मान लांब करून वाचलं. "अहो, पोलिसात द्यायचंय का हे?"

"समितीला."

"बरं. खाली 'लोभ असावा' लिहू नका म्हणजे झालं."

तानाजी हसला नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात तो ऑपरेटर होता, आणि या एका विषयावर त्याला कुणी हसवू शकलं नव्हतं.

विषय असा. १९८१ ते ८४ या काळात तानाजी, आनंद आणि कान्हा या तिघांचा एक बँड होता. नाव भोंगा. तानाजी ऑर्गनवर, आनंद गिटारवर, कान्हा ड्रमवर. वाजवायचे प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे विलायती रॉकच, पण तीन मिनिटांत उरकणारा नाही. वीस-वीस मिनिटांचं एक गाणं, ताल मध्येच चारातून सातात जाणार, सातातून पाचात, ऑर्गन भरतीच्या पाण्यासारखा चढत जाणार. बोटीवर नोकरीला असलेल्या एका शेजाऱ्याने आणलेल्या कॅसेटी ऐकून तानाजी हे शिकला. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुका कळायलाही कुणी नव्हतं. त्याने स्वतःचं एकवीस मिनिटांचं गाणं रचलं. त्याचं नाव 'खाडी'.

१९८४ साली ठाण्याला एका उत्सव समितीने वाद्यवृंदांची स्पर्धा घेतली. नियमपत्रात छापलं होतं, प्रत्येक संघास पंचवीस मिनिटं. रविवारी दुपारी भोंगा स्टेजवर चढला आणि सहाव्या मिनिटाला वीज गेली. पडदा पडला, पुढचा संघ वर आला, आणि वीज लगेच परत आली. कुणी कारण सांगितलं नाही. तानाजीने त्या दिवशी ऑर्गन खोक्यात घातला तो पलंगाखाली ढकलला. तो आजतागायत तिथेच होता.

आता त्याच समितीची स्मरणिका निघाली होती. तिच्यात छापलं होतं: 'याच व्यासपीठावर प्रोग्रेसिव्ह रॉक या प्रकाराने अखेरचा श्वास घेतला. श्रोते कंटाळले व तो आपल्या मरणाने गेला.'

"पलंगाखाली मला मुलीचं दप्तर आणि गाद्या ठेवायच्यात," कलावती म्हणाली. "सोमवारी भंगारवाला येतोय. त्याला काय सांगू?"

तानाजीने थोडा विचार केला. "ते आपल्या मरणाने गेलं असेल, तर देऊन टाक. मारलं असेल, तर ऑर्गन हलायचा नाही."

"आणि हे कोण ठरवणार?"

"मी. सोमवारच्या आत."

पत्रावर तिघांच्या सह्या हव्या होत्या. म्हणून शनिवारी तो आनंदकडे गेला. आनंद आता बँकेत होता, पोट सुटलेलं, केस मागे फिरवलेले. त्याने पत्र वाचलं आणि घडी घालून परत दिलं.

"सही नाही करणार मी."

"का?"

"अरे तान्या, ते इंग्लंडातच मेलेलं. आपण वाजवायला लागलो तेव्हा त्याचं तेरावं चाललेलं, आणि आपण पंगतीला जाऊन बसलेलो. तिकडे दोन मिनिटांत शिव्या देऊन गाणं संपवणारी पोरं आली, आणि आपले हे प्रोग्रेसिव्हवाले झगे घालून स्टेजवर किल्ले बांधत बसले. मग डिस्को आला. मग कंपन्यांना रेडिओत मावेल एवढंच गाणं हवं झालं. फुगत फुगत फुटलं ते."

"लोक कंटाळले?"

"कंटाळणारच! तू एकटा सात मिनिटं ऑर्गन वाजवायचास. मी मागे उभा राहून लोकांची टकलं मोजायचो."

"आपल्याला सहा मिनिटं मिळाली, आनंद. कंटाळा यायला आधी ऐकू तर द्यावं लागतं."

मग तानाजीने पिशवीतून स्मरणिका काढली आणि शेवटचं पान उघडून त्याच्यासमोर धरलं. 'विशेष आभार' या मथळ्याखाली तिसरं नाव आनंदचं होतं.

"हे काय?"

"फोटो दिला मी त्यांना, आपल्या बँडचा. पेटीत पडून होता."

"आणि ती वाक्यं?"

"मी फोटो दिला म्हटलं ना! तुला काय वाटतं, मेन पण मीच पाडला? गिटार हातात धरून?"

तानाजी उठला. जिना उतरताना त्याच्या मनात एवढंच घोळत होतं की मेन आनंदने पाडला असं आपण म्हटलंच नव्हतं. त्याने ते स्वतःहून अंगावर का घेतलं?

घरी येऊन त्याने चहापत्तीच्या जुन्या डब्यातून कॅसेट काढली. स्पर्धेच्या दिवशी आनंदची बहीण उत्तरा तिसऱ्या रांगेत सेलवरचा टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली होती. वीज गेली तरी तो चालू राहिला. कॅसेट तिने दुसऱ्याच दिवशी आणून दिली होती. तानाजीने ती दहा वर्षांत एकदाही लावली नव्हती. आज पुरावा म्हणून लावली.

खोकले, खुर्च्यांची करकर, कुणाचं तरी पोर रडतंय. मग खाडी सुरू. ऑर्गन चढतोय, गिटार त्याच्या पाठोपाठ, खाली कान्हाचा सात मात्रांचा ठेका. कोण म्हणतो कंटाळले? ते रडणारं पोरसुद्धा गप्प झालंय! मग सहावं मिनिट, आणि सगळं बंद.

त्याने ते पुन्हा ऐकलं. कारखान्यात पंपाचा आवाज जरा बदलला तरी त्याला कळायचा. तसं इथेही काहीतरी खटकलं. त्याने कान स्पीकरला लावून तिसऱ्यांदा ऐकलं.

वीज गेली तर ऑर्गन मरणार, गिटार मरणार. ड्रमला वीज लागत नाही. ड्रम चालू राहायला हवा, निदान दोन-चार ठोके, वाजवणाऱ्याला कळेपर्यंत. इथे उलटं होतं. आधी ड्रम थांबला. त्या जागी गिटारला विश्रांती होती, त्यामुळे ऑर्गन एकटाच एक पूर्ण आवर्तन वाजत राहिला, आणि मग वीज गेली.

म्हणजे कान्हाला आधीच माहीत होतं.

"कलावती," तो आत बघत म्हणाला, "घरचाच निघाला गं."

रविवारी लोकलचा खोळंबा होता म्हणून तो दुपारी बसने निघाला. शीळफाट्याला बस बदलली, ठाण्याला उतरला, आणि खाडीकाठी चेंदणी कोळीवाड्यात पोचेपर्यंत दुपार कलली. वाटभर त्याने जुन्या गोष्टी उकरल्या. स्पर्धेनंतर पुढच्याच वर्षी त्याच समितीच्या मिरवणुकीत कान्हाचा बेंजो बँड होता. तेव्हा तानाजीला फक्त राग आला होता. आता त्याला ती बिदागी वाटू लागली.

कान्हा घरी नव्हता. त्याची आई, मनुबाई, दारात सुकट पसरत बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोन, ताना? मेलास का जिवंत हायेस रं? धा वर्षं तोंड नाय दाखवलंस! जा, धाकूच्या पोरीची हलद हाय तिथं वाजवतोय तो. आनि जेवल्याबिगर जाशील तर बघ."

हळदीचा मांडव दोन गल्ल्या सोडून होता. तिथे पोचायच्या आधीच तानाजीचे पाय थबकले. गल्लीच्या तोंडातून जे ऐकू येत होतं ते त्याला ओळखीचं होतं. खाडी. ऑर्गनची ओळ बेंजोवर, गिटारची ट्रम्पेटवर, मधूनच एखादं कोळीगीत आत शिरून पुन्हा बाहेर. आणि खाली तो सात मात्रांचा ठेका.

चोर! पहिला विचार हाच.

दुसरा विचार यायला वेळ लागला, कारण तो बघत राहिला. बायका नाचत होत्या. हळदीने माखलेली पोरं नाचत होती. एक म्हातारा एका हाताने लुंगी सावरत सातात बरोब्बर पाय टाकत होता. तानाजीने घड्याळात वेळ पाहिली. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. चाळिसाव्या मिनिटाला कान्हाने हात वर करून थांबवलं, तर बायकांनी त्याला शिव्या घातल्या.

कान्हाने घाम पुसला आणि त्याला समोर तानाजी दिसला.

"डोळं उघडं ठेवून ऐकलंस का या टायमाला?" तो म्हणाला.

"तू आधी थांबलास," तानाजी म्हणाला. "कॅसेटवर आहे. वीज जायच्या आधी तू थांबलास."

"व्हय. थांबलो."

तानाजीने वाटभर जे जे ठरवलं होतं त्यात हे उत्तर नव्हतं.

"पडद्याच्या बाजूला मी बसलेलो," कान्हा म्हणाला. "समितीवाला एक मानूस आला. मना बोलला, पाव्हन्यांना निघायचंय, बंद करा, नायतर मेन पाडतो. मी तुना काठी वर करून दाखवली. दोनदा. तू डोळं मिटलेलं. आनंद तुझ्याकडंच बघत व्हता, मी दिसलोच नाय त्याला. मग बोललो, मी थांबलो की तरी वळशील. नाय वळलास. एकटाच वाजवत बसलास रं! आनि त्यानं पाडलंन मेन."

"कोण माणूस?"

"बिल्ला व्हता छातीवर. नाव मी काय वाचत बसू?"

"आणि मला दहा वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तू इचारलंस? दुसऱ्या दिवशी स्टेशनात समोरून गेलास, वळख नाय दाखवलीस."

"मिरवणुकीचं काम कसं मिळालं तुला?"

कान्हाचा चेहरा कडक झाला. "वाजवतो चांगला म्हनून मिळालं. पन तुना पटनार नाय." मग त्याने हातगाडीवरच्या भल्यामोठ्या बॅटरीवर थाप मारली. "हे बघ. त्या दिसापासून आमची बॅटरी आमच्या गाडीवर. कुनाच्या मेनवर मी वाजवत नाय. आनि पोरांना मी कधी सांगितलंच नाय की सातात नाचनं कठीन हाय."

तानाजीने पत्र पुढे केलं. कान्हाने ते ट्रम्पेटवाल्याच्या पाठीवर ठेवून वाचलं, सही केली आणि सहीखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'ड्रम मी आधी थांबवला.'

"हे कशाला? यानं त्यांचंच फावेल."

"खरं हाय म्हनून. खोडायचं तर खोड."

तो मनुबाईकडे जेवला. परतताना बसमध्ये त्याने ते वाक्य खोडायला दोनदा पेन काढलं. कान्हा खरं बोलला की सराईतपणे थाप मारली, हे त्याला शीळफाट्यापर्यंत ठरवता आलं नाही, आणि पुढेही नाही. पण चाळीस मिनिटं त्याने स्वतःच्या घड्याळात मोजली होती. त्यावर शंका घ्यायची तर घड्याळावरच घ्यावी लागली असती.

सोमवारी भंगारवाला आला तेव्हा ऑर्गन खोलीच्या मधोमध उघडा पडला होता. निम्म्या पट्ट्या मुक्या होत्या. तानाजी फडक्याने एकेक पुसत होता.

"म्हणजे मारलं होतं?" कलावतीने विचारलं.

"मारलंच. पण मेलं नाही. मी मात्र त्याला मेलेलं समजून दहा वर्षं पलंगाखाली कोंडलं."

"आणि माझ्या गाद्या?"

"माळ्यावर," तो म्हणाला. मग हात पुसून त्याने पत्र पुढे ओढलं. कान्हाचं वाक्य होतं तसंच ठेवलं. त्याच्याखाली लिहिलं:

"ड्रम आधी थांबला हे आमचं आम्ही कबूल करतो. मी डोळे मिटून वाजवत होतो हेही कबूल. आता तुमची पाळी. पंचवीस मिनिटं छापून सहाव्या मिनिटाला मेन पाडणारा तो बिल्लेवाला कोण? त्याला कुणी पाठवलं? आणि सभागृहातलं रडणारं पोरसुद्धा गप्प झालेलं असताना लोक कंटाळले, हे तुम्हाला कुणी सांगितलं? कॅसेट माझ्याकडे आहे. आठ दिवसांत लेखी उत्तर द्या. नावासकट."