टोपणातली चिमूट

शेजारून आलेली वाटी रिकामी परत पाठवू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, ही रीत आमच्या मंगळवार पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पण शेजारच्या आक्कांचा उन्मेष कॉम्प्युटरचं मोठं शिक्षण घेऊन बसलाय, त्याला ती कोण शिकवणार? लॅपटॉपमध्ये विंडोज टाकायला म्हणून माझा पेनड्राइव्ह नेला आणि परत दिला तो मुका करून.

त्यात आमच्या ह्यांचा आवाज होता. गणपतराव कुस्तीच्या मैदानात माईकवर पुकारा करायचे. पैलवानाचं नाव, बापाचं नाव, पेठ नाहीतर गाव, मग पहिला पुकारा, दुसरा पुकारा. तिसऱ्यालाही जो उतरला नाही तो हरला. ते गेल्यापासून रोज सकाळी चपात्या लाटताना मी तो पेनड्राइव्ह स्पीकरला लावायची आणि मग स्वयंपाकघरात माणूस असल्यासारखं वाटायचं. दुसरीकडे कुठं तो आवाज नव्हता.

परत आलेला लावला तर आवाजच नाही; तशीच पिठाच्या हातांनी मी आक्कांच्या दारात गेले. आक्कांच्या कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, म्हणजे डाळ अजून व्हायची होती. हे मी मुद्दाम ऐकत नाही, ऐकू येतं.

उन्मेषनं लॅपटॉपला लावून बघितलं. "बरोबर हाय की काकू. बत्तीस जीबीचा हाय, पण जागा टिचभरच दाखवतोय. माझ्यामुळं तुकडे पडलेत त्याचे. थांबा, सगळं साफ करून एकसंध करतो."

त्यानं काय काय दाबलं आणि हसतमुखानं पडदा माझ्याकडे फिरवला. "ही घ्या! पूर्ण जागा परत आली."

"आणि ह्यांचा आवाज?"

त्याचं हसू मावळलं. "तो... मी नेला तवाच पुसला गेला असणार. मला वाटलं, गाणी असतील."

"मग एवढ्या जागेत मी काय म्हशी बांधू?"

माझा आवाज गल्लीत गेला असेल, जाऊ दे. आतून आक्का ओरडल्या, "उन्म्या, शालूबाईचं भांडं रिकामं देऊ नको रे!" आणि भिंत धरत आल्या. त्यांना आता नीट दिसत नाही. हाताला लागलं ते प्लास्टिकचं टोपण त्यांनी घेतलं, त्यात साखरेचे चार दाणे सोडले आणि मग ते पेनड्राइव्हला बसवलं. आम्ही कुणीच हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी चपात्या लाटताना, सवयीनं, मी तो लावला.

आधी गर्दीचा गलबला आला, मग हलगी, मग माईकवर दोनदा टिचकी मारून हे बोलले. "शालूबाई गणपतराव, मंगळवार पेठ. मैदानात यावं. पहिला पुकारा."

लाटणं हातातच राहिलं. भीती नंतरची गोष्ट; आधी मला संताप आला. उभ्या संसारात ह्या माणसानं मला नावानं हाक मारली नाही, 'अगं ए' वर भागवलं, आणि आता भरल्या मैदानात, परक्या पुरुषांसमोर, माईकवरून?

उन्मेषनं पुन्हा तपासलं. "काकू, कायबी न्हाय ह्यात. सगळी जागा मोकळी हाय. तुम्हाला सवयीनं ऐकू येत असंल."

"मला खुळी ठरवतोस व्हय?"

"तसं न्हाय. पण म्हणत असाल तर परत पुसतो."

मी पेनड्राइव्ह मुठीत धरून घरी आले. एकदा पुसला, तेवढं पुरे झालं. हाक कसलीही असो, आवाज त्यांचाच होता.

आज सकाळी मात्र मी तो लावलाच नव्हता. ओट्यावर पालथ्या वाटीखाली झाकून ठेवला होता, तरी दुसरा पुकारा झाला. मी चिडून वाटी उचलली, टोपण उपसलं, म्हटलं, आधी ती साखर तर झटकून टाकू.

साखर नव्हती. टोपण काठोकाठ लाल मातीनं भरलं होतं. ओलसर, नुकती मळल्यासारखी. आखाड्याच्या मातीत कालवतात त्या ताक, हळद आणि तेलाचा वास येत होता, मैदानाहून आल्यावर ह्यांच्या धोतराला यायचा तोच.

तेव्हापासून मी ओट्यापाशी बसून आहे. कणीक सुकत चाललीय, शेजारी आक्कांचा कुकर गप्प आहे. तिसरा पुकारा अजून व्हायचाय. ह्यांच्याकडून भांडं भरून आलंय, आणि मी बसल्या जागेवरून घरभर नजरेनं शोधतेय की आता त्यात काय घालून परत पाठवू. माझ्याशिवाय दुसरं काही सापडत नाही.