पोट भरलेला बैल

सहकार अमर आहे, असं सुंदररावांनी चारा छावणीच्या उद्घाटनाला जाहीर केलं. जनावरं आठवडाभर आधीच येऊन बांधलेली होती. ते भैरोबा दूध संस्थेचे चेअरमन. पाऊसपाणी बरं असलं की ही संस्था कुणाच्या नजरेस पडत नसे. दुष्काळ पडून छावण्या मंजूर झाल्या की पाटीसकट उगवे. “ह्या छावणीत एकबी जनावर मरणार न्हाई,” असंही ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मांडव सोडायला माणसं आली, तेव्हा मांडवाच्याच खांबाला बांधलेला दगडाबाईचा बैल मेलेला होता.

दगडाबाईकडे बैलांची एकच जोडी. दिवाळीनंतर नवरा-बायको त्याच गाडीबैलांवर ऊसतोडीला जात. एका बैलाच्या गाडीला मुकादम टोळीत घेत नाही.

मेलेल्याच्या नाकातून काळं रक्त आलेलं, अंग फुगलेलं. वडवणीहून निघताना गुरांचे डॉक्टर बद्रीनाथ यांनी फोनवर बजावलं: बैलाला हात लावू नका, चिरू तर मुळीच नका. पण चेअरमनांना काळजी वेगळी. विरोधक म्हणणार, छावणीत बैल उपाशी मेला. म्हणून डॉक्टर पोचायच्या आत त्यांनी बैलाचं पोट फाडून घेतलं आणि पंचांना बोलावून आतला चारा दाखवला. पोट भरलेलं निघालं. संस्थेची अब्रू राहिली.

डॉक्टर आले, त्यांनी फाडलेलं पोट बघितलं. मग बैलाच्या कानातलं रक्त काचेवर घेतलं आणि दूध तपासायच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि बाटल्या मांडल्या.

“आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटनं धुवायचं,” ते म्हणाले. “ज्या जंतूची भिंत पातळ, त्याचा रंग धुऊन जातो. वरून गुलाबी दिला की तो मुकाट गुलाबी होतो. तो ग्राम-निगेटिव्ह. ज्याची भिंत जाड, तो जांभळाच राहतो. तो ग्राम-पॉझिटिव्ह.”

“म्हंजी आपल्या सभासदांसारखंच की,” चेअरमन म्हणाले. “दारूनं धुतलं की रंग बदलला.”

“सभासद सगळे पहिल्या जातीचे,” डॉक्टर म्हणाले. “हा जंतू दुसऱ्या.”

चेअरमनांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. उसाच्या कांड्या एकापुढे एक मांडाव्यात तशा जांभळ्या काड्या.

“फाशी. अँथ्रॅक्स,” डॉक्टर म्हणाले. त्या रोगाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. जवळची माणसं जरा लांब झाली.

“पण इंजेक्शन हाय ना?” चेअरमनांनी विचारलं.

“जंतू जागा असेल तोवर पेनिसिलीन त्याची भिंत पाडतं. बैलाचं कातडं शाबूत असतं, तर हा जंतू आतल्या आत कुजून मेला असता. तुम्ही त्याला हवा दाखवली. आता तो बीजाणू होणार. म्हणजे टणक कवचात शिरून निजणार. मग औषध लागू नाही, ऊन लागू नाही. मातीत पन्नास-पन्नास वर्षं पडून राहतो.”

“बिगरपाण्याचा?” चेअरमनांच्या आवाजात थोडा हेवा होता.

दगडाबाई खांबापाशी बसली होती. “बहात्तरच्या दुष्काळातली मेलेली ढोरं हितंच पुरलती,” ती म्हणाली. “म्हणून तर हे रान मोकळं हाय. मी उद्घाटनाला सांगितलं बी. पर माइक चालू व्हता.”

“छावणी आजच हलवा,” डॉक्टर म्हणाले.

“कुठं?”

टँकर इथवरच यायचा. पुढे रस्ता नव्हता, मागे पाणी नव्हतं. डॉक्टरांनी चौफेर पाहिलं. खांबांना बांधलेली जनावरं जमिनीवर सांडलेल्या चाऱ्याची काडी न् काडी मातीसकट चाटत होती.

“लस मागवतो,” ते म्हणाले. “पण ती अंगी लागायला दिवस जावे लागतात.”

“तवर काय करायचं?”

डॉक्टरांनी चुना आणायला सांगितला. मेलेल्याला खोल पुरायचं, वर चुना टाकायचा. चुना होता, उद्घाटनाच्या रांगोळीतून उरलेला.

मग ते दगडाबाईच्या दुसऱ्या बैलाकडे गेले. त्याचे कान पडले होते. त्यांनी ताप बघितला, सुई टोचली आणि थर्मामीटर पिशवीत ठेवताना कुणाकडेच पाहिलं नाही.

“जगंल का?” दगडाबाईनं विचारलं.

“उद्या कळेल.”

डॉक्टर बाटल्यांची बुचं लावू लागले, तेव्हा ती टेबलापाशी येऊन उभी राहिली.

“डॉक्टरसाहेब, त्यो जांभळा रंग उरलाय का जरा? परवा पोळा हाय. शिंगं रंगवावी म्हणते. एकाचीच हायती, लई लागायचा न्हाई.”