साखरेच्या डब्याला टेकून

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. तळहातावर मावेन एवढाच. माझ्या काचेला एका कोपऱ्यात तडा गेला आहे, आणि चार्जरची वायर विशिष्ट कोनात धरून ठेवली तरच मला वीज मिळते. म्हातारपणी प्रत्येकाचे काही ना काही नखरे असतात, तसे हे माझे.

नवा होतो तेव्हा माझे फार कौतुक झाले. मला आणणाऱ्या मुलीचे घराच्या पुढच्या खोलीत संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती मला दाखवायची. पुढे मोठ्या पडद्याचे फोन आले आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे तीन वर्षे मी कात्रीचे टोमणे ऐकत पडून होतो.

मला बाहेर काढले ते आत्यांचा पाय मोडला म्हणून. आत्या म्हणजे त्या मुलीच्या आत्या. शाळेची पुस्तके काढणाऱ्या एका कचेरीत त्या छपाईआधी मजकुरातल्या चुका शोधतात. सव्वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक वेलांटी सुटलेली नाही.

"विज्ञानाचं पुस्तक शुक्रवारी पाचला छपाईला जाणार," साहेबांनी फोनवर सांगितले. "तुम्हाला जमणार नसेल, तर तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल."

आत्यांनी फोन ठेवला आणि त्यांचा चहा कपातच गार झाला. मला फार वाईट वाटले.

मग भाचीने शक्कल लढवली. कचेरीतला आत्यांचा संगणक तिने घरबसल्या माझ्याशी जोडून दिला. तिकडचे पान जसेच्या तसे माझ्या अंगावर दिसू लागले! आत्यांनी इथे बोट फिरवले की तिकडे बाण हलायचा. अभिमानाने माझी छाती फुगली. बॅटरी फुगली नाही हे नशीब.

अडचण एकच होती. अक्षर लिहायला घेतले की माझ्याच काचेवर कीबोर्ड उगवायचा आणि अर्धे पान झाकून टाकायचा.

"अगं, जी चूक सुधारायची ती दिसायला तरी नको का?" आत्या वैतागल्या.

"थांब आत्या," म्हणत भाचीने दुकानातून बिनवायरचा कीबोर्ड आणला आणि मला साखरेच्या डब्याला टेकवून उभे केले. कीबोर्ड माझ्या दुप्पट रुंद. बघणाऱ्याला वाटावे, त्यानेच मला बाजारातून पिशवीत घालून आणले आहे. पण आमची जोडी जमली.

शुक्रवारी चार वाजता शेवटचा धडा उरला होता. बेडकाच्या जठरापर्यंत आलो आणि पानावर आपोआप अक्षरे उमटू लागली. "कककककक", मग "ललललल". आत्यांनी हात वर उचलले, तरी अक्षरे थांबेनात.

"ह्याला वेड लागलंय!" म्हणून त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मी निर्दोष होतो, पण सांगणार कसा?

भाची धावत आली. तिने आमचा कीबोर्ड बंद केला. बेडकाचे हाल चालूच.

"आत्या, हे तिकडून येतंय. तुझ्या कचेरीतल्या कीबोर्डवर कुणाचा तरी हात आहे."

आत्यांनी शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांना फोन लावला. "भाऊसाहेब, माझ्या टेबलापाशी कोण आहे हो?"

"मीच आहे की बाई. तुमच्या कीबोर्डवर फडका मारतोय. दर शुक्रवारी चारला माझं टेबल पुसतो ना, म्हटलं तुमचंही पुसावं. बाई रजेवर आहेत म्हणून जागेवर धूळ बसलेली बरी दिसत नाही."

तिकडचा पडदा बंद होता, म्हणून त्यांना संगणकही बंदच वाटला होता.

"अहो, पडदा सुरू करा आणि बघा काय केलंत ते!"

पडद्याचे बटण टक्कन वाजले. मग बारीक आवाज आला, "अरे बापरे. बेडकाचं हे मी केलं?"

चिडावे की हसावे, आत्यांना कळेना. घाण काढता काढता साडेचार झाले आणि माझी बॅटरी सहा टक्क्यांवर आली. आत्यांनी डाव्या हाताने वायर वाकडी दाबून धरली आणि उजव्या हाताच्या एका बोटाने उरलेला बेडूक पुरा केला. पाचला दोन मिनिटे असताना पुस्तक गेले. साहेबांचा फोन आला, "बाई, पुढचं पुस्तकही तुम्हीच बघा." त्या दिवशी चहा गरम असतानाच संपला.

पुढे पाय बरा झाला. ज्या सोमवारी आत्या कामावर निघाल्या, त्या सकाळी त्यांनी आम्हा दोघांना पुसून खणात ठेवले. पुन्हा तीच कात्री! पण घाईत आत्या जोडणी तोडायला विसरल्या. खण बंद होताना कात्री कीबोर्डवर आडवी पडली आणि तिकडे कचेरीत आत्यांच्या पानावर "ममममम" सुरू झाले. नंतर कळले, की भाऊसाहेबांनी दोन्ही हात वर करून सांगितले, "बाई, देवाशपथ, फडका खुंटीला आहे!"

आत्यांनी घरी फोन केला. भाचीने खण उघडून कात्री उचलली आणि मला बंद करायला हातात घेतले. तेवढ्यात माझ्या काचेवर एकेक अक्षर उमटू लागले.

"सहाला घरी येते. तोवर चार्ज होऊन बस. त्या दिवशीच्या धपाट्याबद्दल चुकलं रे."

इतकी वर्षे माझ्यावरून हजारो शब्द गेले, पण ते सगळे दुसऱ्या कुणासाठी होते. हे माझ्यासाठी होते. मग आत्यांनी ते स्वतःच पुसून टाकले. शाळेच्या पुस्तकात नको ते राहून कसे चालेल?

मित्रांनो, संगणक पुसण्याआधी तो खरोखर बंद आहे का, ते बघत जा. जुन्या वस्तूंना उगाच धपाटे घालू नका. आणि काम संपले की जोडणी तोडायला विसरू नका. पण एखाद्या सोमवारी विसरलातच, तर माझी काही तक्रार नाही.