लवंगेच्या पापुद्र्यातला बुरासा

आठ दिवस झाले, बोल्लोच्या म्हाताऱ्या बापाने, लेवाने, धड घास खाल्ला नव्हता. हातात बुरासा दिला की तो उशीखाली सरकवायचा. नारळाच्या दुधात शिजवलेला भात तो, केळीच्या पानात किती टिकणार? दुसऱ्या दिवशी आंबायचा. बोल्लो काढून घ्यायला गेली की आयुष्यभर वादळाला न डरलेला हा तांडेल लहान पोरासारखा रडायचा.

"तेत्ता, खा ना हो. तुमच्या लेकीसाठी."

"किनारा कुठाय अजून?"

बायको वारल्यापासून त्याच्या लेखी घर म्हणजे पाण्यावरचं गलबतच होतं. भरती आली की भिंती हळूच डोलत आणि तो पडल्यापडल्या सुकाणू धरी. हल्ली बोल्लोलाही किनाऱ्यावर समुद्री शेवाळ वाळवताना पायाखालची वाळू सरकल्यागत वाटे.

शेवटी तिने हट्ट सोडला. ठेवायचाच तर ठेवू दे, पण नासका नको. केळीच्या पानाऐवजी गुंडाळायला शेवाळाचा पापुद्रा करायचं ती गावातल्या बायकांच्या गटात शिकली होती. शेवाळ उकळायचं, गाळायचं, गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब टाकायचे आणि ताटात पातळ ओतून सावलीत वाळवायचं. तेलाने भात टिकतो, पापुद्रा भातासकट पोटात जातो. गवती चहाचं तेल संपलं होतं, म्हणून तिने लवंगेचं घातलं. हात जरा सैलच सुटला.

"बापाला प्लॅस्टिक चारतेस होय गं?" शेजारच्या कनांगने कुंपणावरून विचारलं.

"तुझ्या पोरांना चारते आधी. उद्या दारात रांग लावतील!"

पापुद्र्यातल्या बुराशाची पुडी हातात पडताच म्हाताऱ्याचा हात सवयीने उशीकडे गेला आणि वाटेतच थांबला. त्याने पुडी नाकाशी धरली.

"तेरनाते!" तो ओरडला. "शीड उतरवा रे!"

तेव्हा कुठे बोल्लोला लहानपणी ऐकलेलं आठवलं. त्याच्या गलबतावर शेवटचा बुरासा कुणी पानातून सोडायचा नाही. वाऱ्यावर तेरनातेचा, त्या लवंगेच्या बेटाचा वास आला, की मगच. बिचारा उपाशीपोटी राखण करत होता आणि आपण त्याला वेडा ठरवलं! तिला स्वतःची लाज वाटली.

लेवा पुडीवर सुतळीची गाठ शोधत होता. "पान कसं सोडायचं हे?"

"सोडायचं नाही, तेत्ता. आज पानासकट."

त्याने चावा घेतला. दुसरा घेतला. मग उरलेला अर्धा तिच्या हातात दिला. "तुझ्या आईला दे. धक्क्यावर कधीची उभी असेल."

बोल्लो पाण्यालगतच्या पायरीवर जाऊन बसली आणि आईच्या वाटणीचा घास तिनेच खाल्ला. पापुद्रा जिभेवर विरघळला. डोळ्यांचं पाणी थांबेना.

"खाल्ला का गं तिने?" आतून हाक आली.

"खाल्ला, तेत्ता. आणखी मागतेय."

"मग मलाही आण एक."